'पॉवरलेस' : सुपरहिरोंच्या जगातलं ऑफिस कुणी पाहिलंय का?

चष्मेवाली

एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर २०१७ साली आलेली 'पॉवरलेस' नुकतीच पाहून संपवली आणि तेव्हापासून कुणाशी तरी बोलायची घाई झालीय. ओळखीत एकानेही पाहिलेली नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चार्म सिटी हे डीसी कॉमिक्सच्या जगातलं एक शहर. गॉथम नाही, मेट्रोपोलिस नाही. बिनीचे नायक तिकडे असतात, इथे दुसऱ्या फळीतले. या शहरात वेन सिक्युरिटी नावाची ब्रूस वेनच्या (म्हणजे बॅटमनच्या) उद्योगातली एक धाकटी कंपनी आहे. नायक-खलनायकांच्या हाणामारीत सापडणाऱ्या साध्या माणसांसाठी सुरक्षेच्या वस्तू बनवणं हे तिचं काम. एमिली लॉक (व्हेनेसा हजन्स) तिथे संशोधन विभागाची प्रमुख म्हणून रुजू होते. तिचा बॉस व्हॅन वेन (अ‍ॅलन ट्युडिक) हा ब्रूसचा चुलतभाऊ, आणि त्याचा सगळा जीव गॉथमच्या ऑफिसात बदली मिळवण्यात अडकलेला. हाताखाली टेडी (डॅनी पुडी), रॉन (रॉन फंचेस) आणि वेंडी (जेनी पियर्सन). शिवाय व्हॅनची सेक्रेटरी जॅकी (क्रिस्टिना कर्क), जिच्यावाचून त्या ऑफिसचं पान हलत नाही.

मला सर्वांत आवडलं ते शीर्षक-दृश्य. जुन्या कॉमिक्सच्या मुखपृष्ठांसारखी चित्रं येतात, मध्ये नायक छाती काढून उभा. कॅमेरा त्याच्याकडे न थांबता मागे कोपऱ्यात पळणाऱ्या, हात डोक्यावर धरलेल्या माणसांकडे जातो. मालिका कुणाची आहे ते तिथेच कळतं. नंतर एमिली ट्रेनने शहरात येते, ट्रेनवर संकट कोसळतं, क्रिमसन फॉक्स ही सुपरहिरोईन वाचवायला येते. एमिली हरखून बघतेय आणि बाकीचे प्रवासी 'झालं, आजही उशीर' अशा चेहऱ्याने बसलेत. इथवर मी खूश होते.

पण पुढे मालिका खिडकीकडे पाठ करून बसते. कुणाचं प्रेम, कुणाचा रुसवा, साहेबाची मर्जी. बाहेर इमारत पडतेय ही पहिल्या भागात गंमत असते, पुढे तो नुसता भिंतीवरचा कागद होतो.

मुळात ही मालिका एका विमा कंपनीत घडणार होती. २०१६ च्या सॅन दिएगो कॉमिक-कॉनमध्ये तसा पहिला भाग दाखवलाही होता. मग मूळ कर्ता बेन क्वीन बाहेर पडला, जस्टिन हॅल्पर्न आणि पॅट्रिक शूमाकर यांच्याकडे सूत्रं गेली आणि विम्याचं ऑफिस जाऊन वेन सिक्युरिटी आलं. प्रश्न असा: विमा कंपनी ठेवली असती तर मालिका जास्त चांगली झाली असती का?

निवांत

पाहिली आहे आणि मला फार आवडली होती. तुमच्या 'भिंतीवरच्या कागदा'शी मात्र असहमत. बाहेर इमारत पडतेय आणि आत लोक रुसव्याफुगव्यात गुंतलेत, हाच तर सगळा विनोद आहे. माणूस कशालाही सरावतो. ट्रेनमधल्या प्रवाशांचा कंटाळा तुम्हाला आवडला ना? पुढचे भाग म्हणजे तोच कंटाळा, फक्त ऑफिसात बसलेला.

शिवाय अ‍ॅलन ट्युडिक. हा माणूस दाराची कडी लावताना दाखवला तरी मी बघेन.

सहज_सुचलं

ट्युडिकसाठी +१.

चष्मेवाली

@निवांत, सरावणं मान्य. पण सरावलेल्या माणसाच्याही वागण्यात त्या गोष्टीचा वळ दिसतो. रोज पूर येणाऱ्या गावातली माणसं पुराबद्दल बोलत नसतील, पण त्यांचं सामान माळ्यावर असतं. चार्म सिटीतल्या माणसांचं सामान कुठे आहे? ते मला पुरेसं दिसलं नाही.

उंटावरचा_शहाणा

"उशीर का झाला?"
"साहेब, खलनायकाने पूल उचलला."
"तो काल उचलला होता."
"काल उचलला, आज दुसरीकडे ठेवला. मी नेहमीच्याच रस्त्याने गेलो."

दावा_मंजूर

विम्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझं सगळं करिअर क्लेम विभागात गेलं आहे आणि ही कल्पना बदलली गेल्याचं मला मनापासून वाईट वाटलं.

विमा चालतो कशावर? एकाच दिवशी सगळ्यांचं नुकसान होत नाही यावर. हजार घरांचे हप्ते गोळा होतात, आग दोन घरांना लागते. सुपरहिरोंच्या शहरात हे गणितच मोडतं. एका दुपारी अख्खा रस्ता जातो, आणि पुढच्या महिन्यात तोच रस्ता पुन्हा. मग कंपनी काय करेल? जे प्रत्यक्षात करतात तेच: वगळेल. युद्ध वगळलेलं असतं, अणुअपघात वगळलेला असतो, तसा 'वेषधारी व्यक्तींच्या संघर्षातून झालेला नाश' वगळला जाईल.

याचं खरं उदाहरण अमेरिकेतच आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर तिथल्या विमा कंपन्यांनी व्यावसायिक इमारतींच्या पॉलिसीतून दहशतवादी हल्ले वगळायला सुरुवात केली. विमा नाही तर कर्ज नाही, कर्ज नाही तर बांधकाम नाही, अशी साखळी अडली. शेवटी नोव्हेंबर २००२ मध्ये कायदा करावा लागला: कंपन्यांनी हा विमा देऊ करायचा, आणि नुकसान ठरावीक मर्यादेबाहेर गेलं तर सरकार भार उचलणार. पण त्याला अट आहे. ती घटना दहशतवादी कृत्य होती असं अर्थमंत्र्यांनी अधिकृतपणे जाहीर करावं लागतं. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांवर तो शिक्का कधीच बसला नाही.

आता हे चार्म सिटीत आणा. जॅक ओ'लँटर्न या खलनायकाने रस्ता जाळला. तो 'प्रमाणित खलनायक' आहे का? कागद कुणी काढायचा? तोवर दुकानदार रोज फोन करणार आणि टेबलामागची मुलगी रोज तेच उत्तर देणार. तिथे विनोदही आहे आणि गलबलून यावं असंही बरंच आहे.

दुसरी गंमत वसुलीची. आम्ही ग्राहकाला पैसे दिले की ज्याच्यामुळे नुकसान झालं त्याच्याकडून वसूल करायचा हक्क आमच्याकडे येतो. खलनायकाने फेकलेली गाडी नायकाने हवेत अडवली आणि ती तिसऱ्याच्याच छपरावर पडली. नुकसान कुणामुळे? समजा नायकामुळे. नोटीस कुठल्या पत्त्यावर धाडायची? मुखवट्याला पत्ता नसतो. एका भागाची कथा इथेच झाली.

सहज_सुचलं

ताई, ही मालिका तुम्हीच लिहा. पहिला प्रेक्षक मी.

उंटावरचा_शहाणा

नोटीस उंच इमारतीच्या गच्चीवर चिकटवायची. सगळे नायक रात्री तिथेच उभे असतात.

खडूफळा

दावा_मंजूर यांचा प्रतिसाद फार आवडला. पण विमा आणि सुपरहिरो ही जोडी 'द इन्क्रेडिबल्स' या अ‍ॅनिमेशनपटात २००४ सालीच येऊन गेली आहे. एकेकाळचा सुपरहिरो बॉब पार विमा कंपनीच्या खुराड्यात बसतो आणि म्हाताऱ्या बाईला कुठला अर्ज कुठे भरायचा हे हळूच सांगतो. आणि त्या जगात नायकांवर बंदी का येते? खटल्यांमुळे. मरायला निघालेल्या माणसाला वाचवलं म्हणून तो माणूसच कोर्टात जातो. एवढं नेमकं काम आधीच झालेलं असताना पुन्हा विमा घेतला असता तर तुलना झालीच असती. कदाचित म्हणूनही बदललं असेल.

पानगळ

मलाही एक आठवण करून द्यायची आहे. नासधुशीनंतर साफसफाई करणाऱ्या कंपनीची कल्पना मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटी आली, 'डॅमेज कंट्रोल' नावाने. लेखक ड्वेन मॅकडफी, चित्रकार अर्नी कोलोन. हिशेब, कंत्राटं, थकलेली बिलं, मोडक्या इमारती, सगळं ऑफिस. त्यावर एबीसी वाहिनी विनोदी मालिका करणार असल्याची बातमी २०१५ मध्ये आली होती, ती काही पडद्यावर आली नाही.

तीच कंपनी २०१७ च्या 'स्पायडर-मॅन: होमकमिंग'च्या सुरुवातीला दिसते. एड्रियन टूम्सने शहराकडून ढिगारा उपसायचं काम घेतलंय, माणसं लावलीत, ट्रक घेतलेत. वरून डॅमेज कंट्रोलचे सरकारी लोक येतात आणि सांगतात, आता हे आमचं काम, तुम्ही निघा. त्याची चिडचिड कुठल्याही कंत्राटदाराची असते तशी आहे. तो खलनायक होतो तो तिथून. चष्मेवाली म्हणते ते 'माळ्यावरचं सामान' मला त्या एका प्रसंगात दिसलं.

प्रोटोटाइप

मी वस्तू बनवणाऱ्यांच्या बाजूचा आहे, तेव्हा वेन सिक्युरिटीची बाजू घेतो.

विम्याच्या ऑफिसात सगळं घडून गेल्यावर येतं. संशोधन विभागात घडण्याच्या आधी. दर आठवड्याला नवी भीती, नवी वस्तू, नवी चाचणी. कथेला इंजिन म्हणून हे जास्त सोयीचं. पहिल्या भागाचा शेवट आठवतो का? यांनी खपून बनवलेल्या यंत्राची सुधारलेली आवृत्ती बॅटमन जोकरला पकडायला वापरतो, आणि यांना ते बातम्यांतून कळतं. आपलं काम कुठे पोचलं हे बनवणाऱ्याला जवळजवळ कधीच कळत नाही. कुठेतरी, कुणाच्या तरी नावावर ते चालू असतं. तो प्रसंग पाहताना मी खुर्चीत सरसावून बसलो होतो.

माझी तक्रार वेगळी आहे. मालिका वस्तू दाखवते, चाचणी पुरेशी दाखवत नाही. धोका ओळखणारं कुठलंही यंत्र घ्या, सगळा जीव एका आकड्यात असतो: किती संशय आला की वाजायचं. आकडा खाली ठेवला तर यंत्र उगाचच वाजतं आणि लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतात. वर ठेवला तर खरं संकट निसटतं. रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात हा मोठा प्रश्न आहे. मॉनिटर इतक्या वेळा वाजतात की कान बधिर होतात आणि गरजेची घंटाही त्यात बुडते. चार्म सिटीसारख्या शहरात तर घंटा दिवसभर वाजत असणार. अशा ठिकाणी अजून एक घंटा विकायची कशी? टेडी म्हणणार आकडा वर न्या, वेंडी म्हणणार खाली आणा, व्हॅन विचारणार 'गॉथमवाल्यांना कुठला आवडेल?' ही मीटिंग मला बावीस मिनिटं बघायला आवडली असती.

निवांत

@प्रोटोटाइप, म्हणजे फिरून तुम्ही माझ्याच मुद्द्यावर आलात! त्या प्रवाशांचा कंटाळा म्हणजे बधिर झालेले कान.

प्रोटोटाइप

हो, आणि चष्मेवालींच्याही. कान बधिर झालेत हे दाखवून झालं. त्याचं पुढे काय होतं ते दाखवलं नाही. एखाद्या दिवशी कंटाळलेल्या प्रवाशाने घंटा ऐकूनही मान वर केली नाही, आणि त्या दिवशी खरंच...

ढगाळ

मी थोडं कडू बोलणार आहे. मालिका पडली याचं कारण विमा की संशोधन हे नाही. एनबीसीने ती गुरुवारी 'सुपरस्टोअर'च्या मागे लावली होती. लागोपाठ पाहिलं की उणीव डोळ्यांत भरते. 'सुपरस्टोअर'मध्ये एका मोठ्या दुकानातली माणसं आहेत आणि त्यांच्या विनोदाच्या मुळाशी पैसा आहे. पगार पुरत नाही, बाळंतपणाची रजा मिळत नाही, पहिला हंगाम तर कामगार दुकान सोडून बाहेर पडतात तिथे संपतो. 'पॉवरलेस'मध्ये कंपनी बंद होईल असा धाक पहिल्या भागात येतो, पण नोकरी गेली तर घर कसं चालेल ही काळजी मला कुणाच्याच चेहऱ्यावर दिसली नाही. ऑफिसचा विनोद तिथून येतो. माणूस तिथे हौसेने आलेला नसतो.

चष्मेवाली

@ढगाळ, हे मनाला भिडलं. तरी थोडी भर घालते. जॅकीकडे बघा. व्हॅनसारख्या साहेबाला सांभाळताना तिचा चेहरा कसा असतो? क्रिस्टिना कर्कने तो थकवा संवादाविना दाखवलाय. पैशांची काळजी पटकथेत नाही, पण अभिनयात आहे.

ढगाळ

जॅकीबद्दल पूर्ण सहमत. मालिका तिच्या टेबलावरून सांगायला हवी होती. नव्या उत्साही मुलीच्या डोळ्यांनी जग दाखवणं सोपं पडतं, कारण तिला सगळं समजावून सांगता येतं. पण बारा भागांत ती उत्साहीच राहिली.

मधली_सुट्टी

धागा वाचून 'एमिली डेट्स अ हेंचमन' पाहिला. एमिलीचा मित्र कोडी घालणाऱ्या रिडलर या खलनायकाच्या टोळीत कामाला निघतो! खलनायकाच्या हाताखालची माणसं हीसुद्धा नोकरदारच, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. रिडलरकडे रजा मागायची तर अर्जाऐवजी कोडं घालावं लागत असेल.

उंटावरचा_शहाणा

आणि उत्तर आलं नाही तर रजा मंजूर.

तळटीप

काही माहिती जोडतो, नव्याने पाहणाऱ्यांना उपयोगी पडेल.

पहिला भाग २ फेब्रुवारी २०१७ ला आला. नऊ भाग दाखवून एप्रिलमध्ये मालिका वेळापत्रकातून काढली आणि मे महिन्यात बंद केल्याचं जाहीर झालं. चित्रित बारा झाले होते. न दाखवलेल्यांपैकी एकात अ‍ॅडम वेस्ट आहेत, १९६६ ते १९६८ च्या दूरदर्शन मालिकेतले बॅटमन. ९ जून २०१७ ला ते गेले आणि त्यानंतर डीसीने तो भाग, 'विन, लूथर, ड्रॉ', यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुला केला. ब्रूस वेनच्या कंपनीच्या गोष्टीत तो माणूस पाहुणा म्हणून येतो, यातला मान जुन्या चाहत्यांना जाणवेल. एमिलीच्या वडिलांच्या भूमिकेत मार्क मॅक्लूर आहेत, १९७८ च्या 'सुपरमॅन' चित्रपटातले जिमी ओल्सन.

आणि मालिका गेली तरी माणसं वाया गेली नाहीत. हॅल्पर्न आणि शूमाकर यांनी डीन लोरीबरोबर पुढे 'हार्ली क्वीन' ही अ‍ॅनिमेटेड मालिका केली, २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्यात जोकरचा आवाज अ‍ॅलन ट्युडिकचा आणि किंग शार्कचा रॉन फंचेसचा.

निवांत

तो शार्क रॉन आहे?! आता 'हार्ली क्वीन' पुन्हा पाहणं आलं.

पानगळ

@तळटीप, धन्यवाद. 'हार्ली क्वीन'मध्ये मला नेमकं तेच दिसतं जे इथे कमी पडलं. कथा खलनायकांच्या बाजूने, पण त्यांचीही संघटना, तिथली वरिष्ठ-कनिष्ठ भांडणं, कुणाला कमिटीत घेतलं आणि कुणाला डावललं. डावललं जाण्याची ती बोच फार खरी आहे. मोठे नायकही पडद्यावर येतात. 'पॉवरलेस'मध्ये बड्यांची नावं सतत कानावर पडतात, माणूस क्वचितच दिसतो.

खडूफळा

ते न दिसणं मला उलट आवडलं. मोठ्या कंपनीत सर्वांत वरचा साहेब कुणी पाहिलेला असतो? त्याचा ईमेल येतो, त्याच्या नावाने निर्णय येतात. ब्रूस वेन या लोकांसाठी नेमका तसा आहे.

प्रोटोटाइप

खडूफळा, अगदी!

दावा_मंजूर

मूळ प्रश्नावर परत येते, कारण सगळं वाचून माझं मत जरा पक्कं झालंय. ऑफिस कुठलंही चाललं असतं. पण कामाचा नियम कथेला नडायला हवा होता. 'सुपरस्टोअर'मध्ये रजेचा नियम नडतो, 'इन्क्रेडिबल्स'मध्ये अर्जाचा नियम, टूम्सला कंत्राटाचा. वेन सिक्युरिटीत एमिली जिद्दीला पेटली की वाट निघते. आमच्याकडे जिद्दीने क्लेम पास होत नाही. कलम दाखवावं लागतं, आणि कलम सापडलं तर त्याच्यासारखा आनंद नाही.

चष्मेवाली

ताई, हे मला हवं होतं. 'कामाचा नियम नडायला हवा' हे डोक्यात ठेवून मी 'सिंकिंग डे' परत पाहणार आहे. रॉन मूळचा समुद्राखालच्या अटलांटिसचा आहे हे त्यात येतं, आणि ऑफिसात आपल्याहून वेगळ्या माणसाशी कसं वागायचं यावर सगळ्यांची जी त्रेधा उडते ती मला त्या वेळीही खरी वाटली होती.

कोपऱ्यातली_खुर्ची

पहिलाच प्रतिसाद देतेय. मी काहीच पाहिलेलं नाही, सुपरहिरोंचं फारसं माहीतही नाही. तरी पाहू का? कुठून सुरुवात करू?

निवांत

बिनधास्त पहा. पहिला भाग, मग 'सिंकिंग डे', मग तो हेंचमनवाला. सुपरहिरोंची माहिती लागत नाही. ऑफिसात काम केलेलं असलं की पुरे.

ढगाळ

आणि शेवटी अ‍ॅडम वेस्टचा. तो चुकवू नका.

मधली_सुट्टी

दावा_मंजूर ताई, एक शंका. रॉन अटलांटिसचा. त्याच्या माहेरच्या घराला पुराचा विमा मिळेल का हो?

दावा_मंजूर

अमेरिकेत घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर धरलेलाच नसतो. त्यासाठी १९६८ पासून वेगळी सरकारी योजना आहे, आणि घराला पुराचा धोका किती ते बघून हप्ता ठरतो. अटलांटिसच्या घरात मात्र पाणी शिरलं तर नुकसान नाही, ओसरलं तर आहे. मी अर्ज घेईन, पण सर्व्हेला जाणाऱ्याला पोहता यायला हवं.